ताटावरचा हात

"मग बुवा, उतरवलेलं वजन परत येतं तरी का?"

मठाच्या ओट्यावर टेकून सदाशेठ खातू धापा टाकत विचारत होते. एखादं पथ्य, एखादा अंगारा मिळेल, या आशेनं पन्नास पायऱ्या चढून आले होते.

लेकीच्या लग्नात बायकोच्या हट्टानं दहा किलो उतरले. मग डॉक्टरांच्या धाकानं आठ. मेव्हण्याशी पैज लावून तर बारा. पण निमित्त सरलं, की येरे माझ्या मागल्या.

आत्मारामबुवांनी सगळं ऐकून घेतलं.

"बायको, डॉक्टर, मेव्हणा... तुला काय हवंय?"

इतक्या वर्षांत सदाशेठना हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मांडी घालून बसायचंय," ते म्हणाले. "भजनात पखवाज माझा असायचा. आता मागे खुर्चीवर बसून टाळ कुटतो..."



तेवढ्यात जेवणाची हाक आली.

पंगतीत सदाशेठना स्टूल मिळालं, ताटाखाली चौरंग. शेजारी पाटावर त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बसल्या. शिरा येताना दिसला, की नवऱ्याच्या ताटावर हात आडवा धरायचा, ही त्यांची वीस वर्षांची सवय. या पहाऱ्यात त्यांचं स्वतःचं जेवण गार व्हायचं, ते कुणाच्या गावीही नसे.

बुवा जवळ आले.

"माई, आज हात काढा."

बाईंनी हात काढला, पण नाइलाजानं.

वाढपी समोर उभा राहिला. डाव शिऱ्यानं भरलेला, साजूक तुपाचा वास सुटलेला. सदाशेठनी बायकोकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. कुणीच अडवेना...

मग त्यांचा स्वतःचा हात ताटावर आडवा झाला.

वाढप्यानं रीतीप्रमाणे आग्रह केला, देवाचा प्रसाद म्हणाला. सदाशेठनी चिमूटभर शिरा कपाळाला लावून तोंडात टाकला. दुसरा हात ताटावरून हलला नाही.

वाढपी पुढे गेला. सदाशेठचे डोळे भरून आले. मांडी घालून बसल्यासारखं हलकं वाटत होतं.

"बुवा, तुमचे उपकार कसे फेडू?"

बुवा अनसूयाबाईंच्या ताटाकडे पाहत होते. त्यातला भात अजून तसाच होता.

"वाढप्याला परत हाक मार," बुवा म्हणाले. "माईंना गरम भात हवाय."