न उघडलेल्या गोणी

फार मागे, शूर्पारक बंदरावर वृषसेन राजाचा अंमल असताना, बोधिसत्त्व विमलदत्त नावाचे नौकापती होऊन जन्मले होते. सात जहाजं, चाळीस वर्षांचा व्यापार आणि आता पार थकलेला देह. परदेशी माल उतरला की त्याचं जाहीरपत्र राजाच्या नाक्यावर द्यावं लागे. पत्राला बांधलेल्या ओल्या मातीवर मालकाची मुद्रा लागे, तीही मालकानं गोणी उघडून पाहिल्यावरच. पण उन्हातान्हात धक्क्यावर उभं राहायचं कुणी? विमलदत्तांनी मुद्रेची अंगठीच पिंगळ कारभाऱ्याकडे देऊन टाकली होती. पिंगळ तरी काय करील बिचारा! गोणी उतरेपर्यंत पत्राची माती वाळून जाई, म्हणून तो हंगामाच्या आरंभीच कोऱ्या पत्रांवर मुद्रा उमटवून ठेवी. आंधळं दळत होतं नि कुत्रं पीठ खात होतं.

त्या वर्षी परदेशी अडत्यानं यादीत तुरटी लिहिली आणि पिंगळानं ती मुद्रा लावलेल्या पत्रात तशीच उतरवली. नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं गोण फाडली, तर आत निम्मा सोमल, जहाल विष! लोक तुरटी पिण्याच्या पाण्यात फिरवतात. तो माल बाजारात गेला असता, तर घरोघरी माणसं मेली असती.

कायदा सरळ होता. मालकानं न पाहता मुद्रा लावू दिली असेल, तर त्याची सगळी जहाजं जप्त. चाकरानं चोरून लावली असेल, तर चाकराचा उजवा हात तोडायचा. पेढीचे भागीदार विमलदत्तांना समजावत राहिले. अंगठी चोरीला गेली होती एवढंच म्हणा, पिंगळ म्हातारा आहे, त्याला आपण जन्मभर पोसू. विमलदत्तांना ते पटतही होतं. त्यांना आता भांडायचं नव्हतं, घरी जाऊन निजायचं होतं.

दरबारात पिंगळ उजवा हात उपरण्याखाली घेऊन उभा होता. मालकांवर आळ नको म्हणून तो तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. विमलदत्तांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते म्हणाले, "महाराज, अंगठी मीच दिली. चाळीस वर्षं नफा माझा म्हणालो आणि गोणी मात्र पिंगळाच्या. एकदाही वाकून पाहिलं नाही."

"जहाजं जातील, श्रेष्ठी."

"जाऊ द्यात. त्याचा हात राहू द्या."

सातही जहाजं गेली. भागीदारही गेले. विमलदत्त पुढे दुसऱ्यांच्या धक्क्यावर गोणी तपासायच्या कामाला लागले, आणि पाठ मोडून यायची तरी प्रत्येक गोण उघडत.

ही कथा संपवून शास्ते, भगवान बुद्ध, समोरच्या ज्येष्ठ भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा पिंगळ म्हणजे आपलं औषधकोठार सांभाळणारा सुदंत. परवा आलेलं औषध तुमच्यापैकी कुणीही न तपासता वाटलं गेलं आणि तुम्ही सारा दोष त्याच्या माथी मारलात. ते भागीदार तुम्हीच होता. आणि तो नौकापती मी. सत्य बोललो, ती माझी सत्यपारमी, सत्याच्या व्रताची पूर्णता. पण भिक्खूंनो, गोण वेळेवर उघडली असती, तर ते बोलण्याची पाळीच आली नसती."