चुकल्याचे पेढे

“पुस्तक मागे घेऊ का, बाई?”

धीरज खोब्रागडे नागपूरहून थेट अचलपूरला आला होता. खांद्यावरची पिशवीही त्याने अजून उतरवली नव्हती.

शरयूबाई मोहरीर ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. मराठीत विज्ञानकथेला कुणी विचारत नव्हतं, तेव्हापासून त्या विज्ञानकथा लिहीत आल्या होत्या.

धीरज कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. आपली पहिली कथा त्याने भीत भीत बाईंनाच दाखवली होती. आता ती भीती उरली नव्हती. नव्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं होतं, की यातलं एकही वाक्य विज्ञान खोडून काढू शकणार नाही.

“झालं काय?”

“चंद्रावर पाणी सापडलं.”

“वाचलं मी.”

“माझी कादंबरी कोरड्या चंद्रावरची आहे. वस्तीतली माणसं तहानेनं मरतात. सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे, आणि आता छपाई सुरू व्हायचीय... लोक हसतील, बाई.”

“चंद्रावर पाणी सापडलं,” बाई म्हणाल्या, “आणि तू सुतक धरून बसलास?”



बाईंनी सूप बाजूला ठेवलं.

“माझी ती चंद्रावरची कथा वाचलीस ना?”

वाचली होती. त्याच कथेने बाईंचं नाव झालं होतं. त्याआधी संपादक त्यांना कळवायचे, की चंद्रावर लिहायचंच असेल तर गाणं पाठवा. त्या कथेत एक तरुण चंद्रावरून परत येतो, पण तिथला रोग घेऊन येतो. त्याला काचेच्या खोलीत ठेवतात. आई रोज येते, काचेला हात लावते आणि परत जाते. तो मरेपर्यंत.

“माझा पहिला संग्रह छापायला गेला आणि तेवढ्यात माणसं खरोखरच चंद्रावर उतरली,” बाई म्हणाल्या. “परत आल्यावर, तिथला रोग आला असेल म्हणून, त्यांना तसंच कोंडून ठेवलं. बायका काचेतून भेटायच्या. मी रोज पेपरची वाट बघायची. मग एका सकाळी बातमी आली. तिघेही अंतराळवीर ठणठणीत. आपापल्या घरी गेले.”

“म्हणजे तुमची कथा...”

“खोटी ठरली.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“शाळेत पेढे वाटले. मोठ्या बाईंनी विचारलं, कशाचे? म्हटलं, माझं चुकलं त्याचे.”

“आणि प्रकाशक?”

“ते म्हणाले, कथा काढून टाका. मी म्हटलं, राहू द्या आहे तशी.”

“लोक हसले असतील.”

“हसले ना. बरीच वर्षं हसले. मी लिहीत होते.”

समोरच्या रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याचा आवाज विरल्यावर बाईंनी धीरजकडे पाहिलं.

“एक सांग,” बाई म्हणाल्या. “बातमी कळली तेव्हा काय वाटलं तुला? अगदी पहिल्यांदा?”

“...आनंद झाला.”

“किती वेळ टिकला?”

“पुस्तक आठवेपर्यंत.”

बाई हसल्या. मग धीरजही हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

“त्यात एक मुलगी आहे, बाई. आपल्या वाट्याचं पाणी ती धाकट्या भावाला देते. ते लिहिताना मी रडलो होतो.”

“आता तिला प्यायला मिळेल,” बाई म्हणाल्या.

 धीरजने पिशवी खाली ठेवली आणि अंगणात जाऊन प्रकाशकांना फोन लावला.

“छापा. आहे तशीच... नाही, एक शब्दही बदलायचा नाही. फक्त माझी प्रस्तावना काढून टाका.”

तो परत आला, तेव्हा बाई पुन्हा तूर निवडत होत्या. तो शेजारी बसला आणि खडे वेचू लागला.

“बाई, पुढं काय लिहू?”

“काय खोटं ठरावं असं वाटतं तुला?”

धीरजचा हात सुपातच थांबला. एकामागून एक कितीतरी गोष्टी त्याच्या मनात येऊन गेल्या...

“ते लिही,” बाई म्हणाल्या.