आखाजीचा पहिला झोका

या हवेलीची खरी हकिकत पंचक्रोशीत माझ्याएवढी कोणाला ठाऊक नाही. मला ती गणा न्हाव्यानं सांगितली, आणि गणा पट्टीचा थापाड्या होता, एवढं सोडलं तर शब्द न् शब्द खरा.

हा चौकातला झोपाळा बघा. घराचे धनी बदलले, हा जागचा हलला नाही. हवेली बांधली आनाजी देशमुखांनी. माणूस ताठ, तूप मिशीला लावायचा, जिभेला नाही. व्याह्यांशी बिनसलं म्हणून एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी आपल्या लेकीला, सुंद्राला, आणायला मुराळीच धाडला नाही. गावभर माहेरवाशिणी झोक्यांवर गात होत्या, आणि हा झोपाळा रिकामा. भर दुपारी तो आपोआप हलू लागला म्हणे. वारा नाही, माणूस नाही. आनाजींनी कड्या धरल्या तेव्हा कुठे थांबला. तोच निरोप आला. सुंद्रा एकटीच पायी माहेरी निघाली होती. शिवेवरच्या निंबाखाली उन्हानं गेली.

आनाजींनी दार सताड उघडलं आणि शपथ घेतली, असं सांगतात. आखाजीला या गावची एकही लेक माहेरावाचून राहणार नाही. या घराचा जो धनी, तो तिचा बाप. पहिला झोका त्याच्या हातचा.

पुढे कापसाचे व्यापारी छगनशेठ मालक झाले. एका आखाजीला पोटदुखीचं निमित्त करून ते दार लावून बसले. रिकामा झोपाळा करकरला, आणि शेठ धोतर सावरत दार उघडायला धावले म्हणे. (त्यात माझा हात नाही. मी जन्मलो नव्हतो.)

त्यांच्यामागून मालक झालेल्या कादरभाई ठेकेदारांना मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. बोटांतल्या अंगठ्या काढून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "घट्ट धर, बेटी." माझी बहीण वत्सी खदखदून हसत आढ्याला पाय लावून यायची. तसं हसणं पुन्हा कानावर आलं नाही.

आजही आखाजीला गावच्या लेकी या दारात येतात. उद्याच आखाजी. आणि नव्या मालकीण, नाशिकच्या मृणालताई कोठावदे, झोपाळा काढून तिथं पाहुण्यांसाठी जेवणाची टेबलं मांडणार म्हणतात. म्हणून आज मुद्दाम त्यांनाच हे सगळं ऐकवलं. वर म्हणालो, "ताई, झोका द्यायला मनगटात जोर लागतो हो. जमेल ना?"

 ताई चपला काढून झोपाळ्यावर बसल्या.

"बाबा, उद्या सगळ्यांना देईन. पण माझ्याही माहेरी आता कोणी उरलं नाही. घराची धनीण झाले म्हणून मी लेक राहिले नाही का? मला झोका कोण देणार, ते सांगा आधी."