कानांत बोळे घालणाऱ्या बाई

एकदा एका निवृत्त इंग्रजीच्या बाईंकडे मृण्मयी नावाची तरुणी अगदी रडकुंडीला येऊन पोहोचली. विमानतळावर उद्घोषिका व्हावे, एवढीच तिची इच्छा. आवाज गोड, वाचन सफाईदार. पण आवाजाच्या चाचणीत दरवेळी नापास. कारण काय, तर अंगातल्या बनियनला आणि पश्चिम दिशेला इंग्रजीत असलेले दोन निराळे शब्द तिच्या तोंडून एकसारखेच ‘वेस्ट’ होऊन पडत. आपल्या ‘व’ची सवय, दुसरे काय! आता शेवटची संधी उरली होती.

“बाई, दिवसभर ऐकत बसते हो, पण मला दोन्ही सारखेच ऐकू येतात!”

बाईंनी कपाटातून कापूस काढला, स्वतःच्या दोन्ही कानांत बोळे घातले आणि म्हणाल्या, “हं, म्हण आता.”

मृण्मयीला रागच आला. मी शिकायला आले आणि या कान बंद करून बसल्या! तरी तिने शब्द म्हटले. बाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि तिच्या हाती आरसा दिला. “बनियन म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकव. पश्चिम म्हणताना दात लांब ठेव, गरम चहावर फुंकर घालतेस तसे ओठ गोल कर.”

जबडा दुखून आला. पण संध्याकाळपर्यंत ती ते शब्द उलटसुलट म्हणू लागली आणि बाई नुसते ओठ पाहून अर्थ ओळखू लागल्या. एकदाही चुकल्या नाहीत!

बोळे काढून बाई म्हणाल्या, “अगं, जो फरक जन्मात कधी करावा लागला नाही, तो कानाला कुठून कळणार? त्या बिचाऱ्याला किती छळशील? आधी तोंडाला करू दे. कान मागून शिकतो.”

“आणि नाही शिकला तर?”

“न शिकून सांगतो कोणाला!”

चाचणीच्या दिवशी तिच्या आधीचा उमेदवार वाचत होता. त्याचे दोन्ही शब्द सारखेच पडले आणि मृण्मयी दचकली. अय्या, हे मला कळलं! तिची भीती तिथेच पळाली. आपली पाळी येताच तिने सगळा मजकूर असा खणखणीत वाचला, की परीक्षक म्हणाले, “सोमवारपासून या.”

जिन्यातूनच तिने फोन लावला. “बाई, नोकरी लागली! आणि बाई, मला फरक ऐकू आला!”

“नोकरी लागणारच होती गं,” बाई म्हणाल्या. “खरी जिंकलीस ती ऐकू आलं म्हणून.”

कळत नाही म्हणून करायचे थांबलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: करू लागा, कळणे मागून येते.