खोऱ्याची घोंगडी

फार पूर्वी, चहूबाजूंनी डोंगर असलेलं एक खोरं होतं. नदी एकच, तिच्यावर सगळ्यांचं पोट. खोऱ्याचा कारभारी लोकच निवडत आणि देवीसमोर त्याच्या खांद्यावर काळी घोंगडी टाकत. ती दिसली की राजवाड्यातले पहारेकरी वाट सोडत, कारण तो माणूस स्वतःसाठी नव्हे, खोऱ्यासाठी बोलायला आलेला असे. कारभार संपला की घोंगडी देवीच्या पायांशी परत ठेवायची, अशी रीत.

एका कारभाऱ्याने बरीच वर्षं चांगलं काम केलं. नवा निवडला गेला, तसा हा घोंगडी उतरवू लागला. लोकांना भरून आलं.

"राहू द्या हो आबा! तुम्हालाच शोभते. नव्याला आम्ही दुसरी विणू."

थोड्याच दिवसांत एक रंगाचा व्यापारी आबांच्या ओसरीवर येऊन बसला. "नदीकाठी कारखाना घालायचाय, आबा. राजवाड्यात तुमच्याइतकी ओळख कुणाची? नुसता शब्द टाका. राजधानीत तुमची हवेली उभी करतो."

आबांची बायको आतून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "अहो, जायचं तर जा. पण घोंगडी ठेवून जा. या कामाची नाही ती."

"वेडी आहेस का? तिच्याशिवाय मला आत कोण घेईल?"

"मग जाऊच नका."

आबा घोंगडी घेऊनच गेले. राजाने विचारलं, "खोऱ्याचं काय म्हणणं?"

आबांनी खांद्यावरची घोंगडी सावरली. मग म्हणाले, "खोरं राजी आहे, महाराज."

कारखाना उभा राहिला आणि वर्षाच्या आत त्याच्या रंगाने नदी तांबडी झाली. गुरं पाण्याला तोंड लावेनात. नवा कारभारी धावत राजवाड्यात गेला. राजा वैतागला. "तुमचा एक म्हणतो हो, दुसरा म्हणतो नाही! यापुढे घोंगडीवाल्यांना दारातच थांबवा."

खोऱ्याचं गाऱ्हाणं ऐकणारं कुणी उरलं नाही. काम झाल्यावर व्यापारीही आबांना ओळख देईना. हवेलीचा तर विषयच सोडा.

बाया डोंगर चढून पलीकडचं पाणी आणू लागल्या. आबांची सून बाळंतीण होती, म्हणून त्यांच्या दारातही हंडा येई. आबांना ते बघवेना. एकदा ते पाणी आणणाऱ्या म्हातारीला म्हणाले, "आत्या, मी पुन्हा बोलून बघू का राजाशी?"

"नको रे बाबा," म्हातारी म्हणाली. "तू बोललास तेवढं पुरे झालं. हंडा रिकामा करून दे, अजून एक खेप व्हायचीय."

तात्पर्य: लोकांनी दिलेला मान जो विकतो, तो एकटा बुडत नाही, लोकांचा शब्दही बुडवतो. म्हणून माया कितीही असो, देवीचं ते वेळेवर देवीला परत करावं, आणि करवून घ्यावं.