बारा दगड आणि पोथीतले आठ

एका राज्यात नदी होती, पण पाणी नव्हते. एका मायाव्याने ती डोंगराच्या पोटात कोंडली, दाराशी धनेश पक्षी बसवला आणि शाप दिला. तीन प्रश्नांची उत्तरे खरी द्याल, तर नदी सुटेल. एक जरी चुकले, तर बोलणारा जागीच दगड होईल.

राजगुरू घनदत्तांपाशी पोथी होती, पोथीत तिन्ही उत्तरे होती. गुरू स्वतः मात्र दारापाशी कधी गेले नाहीत. जायचा तो कुणी कुंभार, कुणी गुराखी, उत्तरे घोकून. बारा गेले. बाराही तिसऱ्या उत्तराला दगड झाले. दरबार भरला. घनदत्त म्हणाले, "उच्चार अशुद्ध होते." साऱ्या पांढऱ्या दाढ्या हलल्या. पोथी तपासावी असे एकालाही सुचले नाही.

बारावा दगड रायाजी पाथरवटाचा. त्याची लेक शेवंता पाठशाळेत होती. तिने भर वर्गात विचारले होते, "गुरुजी, तिसरे उत्तर आले कसे?"

"पोथीत आहे म्हणून आले," म्हणत गुरूंनी तिला हाकलले. दुसऱ्याच दिवशी तेच उत्तर देऊन तिच्या बापाला डोंगरावर धाडले.

शेवंताने बापाची मापाची काठी उचलली, बरोबर दोन हातांची, आणि निघाली. वेशीवरचे म्हातारे हसले. "पोरी, मोठ्यांना जमले नाही ते तुला जमणार?"

"मोठे गेलेच कुठे होते?" ती म्हणाली.

राजा आणि गुरू पायथ्याशी येऊन उभे राहिले. सावलीत.

धनेशाने चोच उघडली. "समोरच्या मनोऱ्याची सावली साठ हात. उंची किती?"

पोथीत चाळीस होते. पोथीवर तिचा विश्वास नव्हता. तिने काठी उभी रोवली, सावली मोजली. तीन हात. साठात तीन वीस वेळा जातात. म्हणजे काठ्याही वीस, प्रत्येक दोन हातांची.

"चाळीस हात."

दाराची एक कडी गळून पडली.

"राजाच्या बागेत मोर आणि हरणे. डोकी वीस, पाय छप्पन्न. हरणे किती?"

शेवंता बोटाने धुळीत लिहू लागली. वीसही मोरच धरू. पाय झाले चाळीस. उरले सोळा. एका मोराच्या जागी हरीण आले की दोन पाय वाढतात. सोळाला दोनाने भागले. हरणे आठ, मोर बारा. मग ताळा केला. बत्तीस आणि चोवीस, छप्पन्न.

"आठ."

दुसरी कडी पडली.

"एक झरा हौद चार प्रहरांत भरतो, दुसरा बारा प्रहरांत. दोन्ही सोडले तर किती?"

शेजारी बाप उभा होता, दगडी ओठ अर्धे उघडे.

खालून घनदत्त ओरडले, "आठ म्हण! चार नि बारा सोळा, त्याचे निम्मे आठ! आणि उच्चार नीट कर!"

"गुरुजी," ती न वळता म्हणाली, "पहिला झरा एकटाच चार प्रहरांत भरतो. दुसरा मदतीला आला तर आठ लागतील? ही मदत का खोळंबा?"

तिने हौदाचे बारा भाग धरले. पहिला झरा प्रहरात तीन भाग भरतो, दुसरा एक. दोघे मिळून चार. बाराला चाराने भागले. ताळा केला. तीन प्रहरांत पहिल्याचे नऊ, दुसऱ्याचे तीन. बारा.

"तीन प्रहर," शेवंता म्हणाली. धनेश उडाला. दार फुटले. नदी गर्जत उतरली आणि राजगुरूंची पोथी, पगडी, पादुका घेऊन गेली. बारा दगडांनी श्वास घेतला. कुंभार हलला, गुराख्याने डोळे चोळले.

राजा वर आला. "माग, काय हवे ते."

"पाठशाळेत 'कसे' विचारणाऱ्याला कुणी हाकलायचे नाही. आणि पुढच्या वेळी उत्तर ज्याचे, त्यानेच दारापाशी यायचे."

राजाने दवंडी पिटवली. ओले घनदत्त खाली मान घालून ऐकत होते.

रायाजीने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "मलाही ते आठ पटले नव्हते गं."

"मग बोलला का नाहीत, आबा?"

"गुरूंपुढे कसे बोलायचे?"

शेवंताने काठी त्याच्या हातात दिली. "तोंडाने," ती म्हणाली, आणि बापलेक भरल्या नदीच्या काठाकाठाने घरी गेले.