टिकलीचं दूध आणि हळदीचं दूध

डोंगराच्या पायथ्याशी फणसाची झाडं दाटीनं उभी होती. भर दुपारीसुद्धा त्यांच्याखाली सावली असायची आणि त्या सावलीत सोन्याचे इवले इवले कवडसे लपाछपी खेळायचे. तिथे एका कुडाच्या घरात सोनकी राहायची. ती नऊ वर्षांची होती. घरात बाबा होते आणि दोन वर्षांचा धोंडू होता. गोठ्यात टिकली नावाची काळीभोर शेळी होती, तिचं चिमुकलं करडू होतं, आणि दाढोबा नावाचा मोठ्या दाढीचा बोकड होता.

आई नव्हती. ती थंडीत गेली.

बाबा दिवसभर बांबूच्या टोपल्या विणायचे. सोनकी घर झाडायची, भाकरी थापायची, टिकलीची धार काढायची. भाकऱ्या अजून गोल यायच्या नाहीत, पण बाबा त्या न बोलता खायचे. काळजी होती ती धोंडूची. त्याचं नाव दगडासारखं, पण अंगानं तो पिसासारखा हलका झाला होता. आई असताना तो टिकलीचं दूध गटागटा प्यायचा आणि अंगणभर दुडुदुडु पळायचा. आता वाटी तोंडाशी नेली, की नाक मुरडून मान फिरवायचा. बळेच पाजलं, तर भुर्रकन सगळं बाहेर टाकायचा. चालायचं तर तो विसरूनच गेला होता.

दुधाला वास येत होता. उग्र, नाकात बसणारा. सोनकीनं चाखून पाहिलं होतं. आईच्या वेळी असा वास कधीच येत नसे.

एके दिवशी अनसामावशी आली. ती आईची थोरली बहीण, पलीकडच्या गावची. तिनं धोंडूला मांडीवर घेतलं, त्याचे काटकुळे हात कुरवाळले आणि ती बाबांना म्हणाली, "भावोजी, वाईट वाटून घेऊ नका. पण याला मी घेऊन जाते. माझ्याकडे याला सांभाळायला तीन माणसं आहेत. चांगलं खाऊपिऊ घालीन."

बाबांच्या हातातली बांबूची पट्टी तशीच थांबली.

"मावशी, नको ना!" सोनकी म्हणाली. "मी सांभाळते त्याला. आईला मी तसं सांगितलंय."

मावशीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बरं. पंधरा दिवसांनी मी पुन्हा येईन. तोवर वाटीभर दूध जरी याच्या पोटात टिकायला लागलं, तरी मी याला हात लावणार नाही. पण नाही टिकलं, तर मला अडवू नकोस, पोरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनकी टिकलीला घेऊन फणसांच्या राईत गेली. टिकली करवंदीचा कोवळा पाला कुरतडत होती. करडू उगाचच उड्या मारत होतं. इतक्यात सोनकीला बारीक, काचेच्या बांगडीसारखा आवाज ऐकू आला.

"अगं, इकडे! वर बघ!"

कुणीतरी फणस तोडून नेला होता. त्याच्या देठातून पांढरा चीक ओघळत होता, आणि त्या चिकात एक परी अडकली होती. बोटाएवढी उंच. आंब्याच्या नव्या पालवीसारखा तांबूस, लुकलुकता झगा. चतुराच्या पंखांसारखे निळेहिरवे पंख, पण दोन्ही चिकटून एक झालेले.

"ओढू नका," सोनकी म्हणाली. "फाटतील. चीक तेलानंच सुटतो."

तिनं आपल्या वेणीवरून बोट फिरवून पाहिलं. पण वेणी कोरडी होती. मग ती घराकडे धावली. कोनाड्यात आईची तेलाची बाटली होती. आई त्यात माका आणि जाईची फुलं घालून तेल मुरवायची. आता तळाशी फक्त बोटभर तेल उरलं होतं. सोनकी ते वापरत नसे. कधीतरी बूच काढून नुसता वास घ्यायची आणि बूच लावून ठेवायची.

ती बाटलीसमोर थोडा वेळ उभी राहिली. मग बाटली घेऊन पुन्हा राईत धावली.

थेंबाथेंबानं तिनं परीचे पंख सोडवले. एक पंख सुटला, दुसरा सुटला, चीक निघाला आणि तेल संपलं. परीनं पंख फडफडवले, तसे हवेत निळे, हिरवे, जांभळे कण उडाले आणि राईभर जाईचा वास सुटला.

"हे तेल कुणाचं होतं?" परीनं विचारलं.

"आईचं."

परीनं रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. मग तिनं आपल्या केसांतलं तीन पाकळ्यांचं रुपेरी फूल काढून सोनकीच्या तळहातावर ठेवलं.

"एका पाकळीला एक इच्छा. पाकळी खुडायची आणि मागायचं. पण नीट ऐक. जे मागशील त्यापायी तुझ्या दारात कुणी उपाशी राहिलं, मग ते माणूस असो की मुकं जनावर, तर मागितलेलं टिकणार नाही. आणि आणखी एक. गेलेलं माणूस मला परत आणता येत नाही. ते तेवढं मागू नकोस, बाळा. नाही म्हणताना मला फार वाईट वाटतं."

सोनकीनं मान हलवली. तिच्या मनात तेच पहिलं आलं होतं.

मग तिनं एक पाकळी खुडली. "मला एक गाय हवी. माझ्या भावाला आमच्या शेळीच्या दुधाचा वास येतो. गाईचं दूध गोड असतं म्हणतात."

ती घरी पोहोचते, तो अंगणात गाय उभी! हळदीसारखी पिवळी, पाणीदार डोळ्यांची, गळ्यात किणकिणणारी घंटा. सोनकीनं तिचं नाव हळदी ठेवलं. पाठीमागे लुटुलुटु चालणारं वासरूसुद्धा होतं.

"ही कुणाची?" बाबांनी विचारलं.

"आपली! परीनं दिली."

बाबांनी गाईकडे पाहिलं, मग लेकीकडे. "परीला तिच्या चाऱ्याचं विचारलंस का?" ते म्हणाले. पण ते हसत होते. किती दिवसांनी!

हळदीनं तांब्या भरभरून दूध दिलं. त्यावर जाड पिवळसर साय आली. दही असं लागलं, की वाटी उपडी केली तरी पडेना. बाबांनी दोन भाकऱ्या दह्याबरोबर खाल्ल्या आणि मिशीला लागलेलं दही पुसायचं विसरले. धोंडूनं तर वाटी दोन्ही हातांनी धरून दूध संपवलं! आणि टिकलीचं सगळं दूध करडाला मिळालं, त्याचं पोट नगाऱ्यासारखं टुमटुमीत झालं.

पण संध्याकाळी धोंडू गुडघे पोटाशी घेऊन रडायला लागला. सोनकीला वाटलं, नवीन दूध आहे, होईल सवय. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या सकाळी त्याचं पोट फुगून टणक झालं होतं आणि रडून रडून आवाज बसला होता.

सोनकीनं दुसरी पाकळी खुडली. "धोंडूचं पोट दुखायचं थांबू दे."

थांबलं. धोंडू तिच्या खांद्यावर झोपी गेला. खिडकीच्या चौकटीवर एक तांबूस ठिपका लुकलुकला.

"आज थांबलं," परी म्हणाली. "पण तेच दूध दिलंस, तर पुन्हा दुखेल."

"गाईचं दूध वाईट असतं का?"

"नाही गं! तुझ्या बाबांना बघ कसं मानवलं. गाईचं दूध चांगलं, शेळीचंही चांगलं. पोटं मात्र वेगवेगळी असतात. धोंडूच्या पोटाची ओळख टिकलीच्या दुधाशी आहे."

एवढ्यात अंगणातून हळदी हंबरली. तिसऱ्यांदा. सोनकी बाहेर आली. वैशाखाचे दिवस, डोंगर वाळून तांबडा झाला होता. टिकलीचं काय, ती करवंदीवर जगायची, बोरीच्या काट्यातूनही पाला शोधून काढायची. पण हळदीला गवत हवं होतं, भाराभर, आणि गवताची काडी कुठे नव्हती. बाबांनी आणलेला बांबूचा पाला ती कालच संपवून बसली होती. तिची कूस खपाटीला गेली होती. तिच्या अंगावरचा पिवळा रंग फिका फिका होत होता, कडा धुक्यासारख्या विरायला लागल्या होत्या.

"ती जाणार?" सोनकीनं घाबरून विचारलं.

"तुझ्या दारात ती उपाशी आहे," परी म्हणाली. "पाकळी अजून एक आहे. गवताचा डोंगर मागितलास, तरी मिळेल."

सोनकीनं फुलाकडे पाहिलं. गवताचा डोंगर मागावा, गाय ठेवावी, बाबांना दही मिळेल. पण मग धोंडूसाठी काही उरणार नाही. ती विचार करत राहिली, आणि हळदी पुन्हा हंबरली. तेव्हा तिला नदीकाठची पारूकाकू आठवली. तिच्या परड्यात ओलाव्याचं हिरवंगार गवत होतं, घरात चार पोरं होती, आणि सगळी कोरा चहा पिऊन शाळेत जात होती.

तिनं फूल परकराच्या गाठीत बांधलं, हळदीचं दावं सोडलं, आणि गाय-वासराला घेऊन ती नदीकडे निघाली.

पारूकाकू धुणं सोडून उठली. "ठेवायला आणलीस की काय?"

"द्यायला. हिला इथं गवत मिळेल. फक्त वासराला आधी पिऊ द्यायचं."

हळदीनं गवतात तोंड घातलं, आणि बघता बघता तिचा रंग पुन्हा झळझळीत पिवळा झाला. पोरं गाईभोवती नाचू लागली. पारूकाकूनं सोनकीला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आणि धोंडू? तो काय पिणार?"

आता मात्र सोनकीला राहवेना. "आमच्या टिकलीच्या दुधाला वास येतो, काकू. आई धार काढायची तेव्हा येत नव्हता. आईच्या हाताला गोडवा होता. माझ्या हाताला नाही."

पारूकाकूनं ओल्या हातांनी सोनकीचा हात धरला. मग म्हणाली, "तुमचा तो दाढोबा कुठे बांधता?"

"गोठ्यात. टिकलीशेजारी. आई गेल्यावर बिबट्या हिंडतोय असं कळलं, म्हणून बाबांनी त्याला आत आणला."

"आणि आई कुठे बांधायची?"

"लांब. आंब्याखाली."

"अगं वेडे!" पारूकाकू म्हणाली. "बोकडाच्या अंगाला केवढा उग्र वास! शेळी त्याला घासून उभी राहिली, की तो तिच्या केसांना लागतो, तिथून दुधात उतरतो. तुझी आई म्हणून तर त्याला लांब ठेवायची. आचळं कोमट पाण्यानं धुवायची, दूध लगेच गाळून उकळायची आणि झाकून ठेवायची. एवढंच होतं ते. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, पोरी."

सोनकी आपल्या हातांकडे बघत राहिली.

त्याच दिवशी बाबांनी आंब्याखाली जाड बांबूचा पिंजरा विणायला घेतला. असा भक्कम, की बिबट्यानं नुसतं हुंगून निघून जावं. "तुझ्या आईनं मला कधी सांगितलं नाही," विणता विणता ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मीच विचारलं नाही."

दाढोबाला नवा वाडा मुळीच आवडला नाही. तो बें बें करून सगळ्यांना शिव्या देत होता. इकडे सोनकीनं टिकलीला घासून आंघोळ घातली. सकाळी आचळं धुतली, करडाला पोटभर पिऊ दिलं, मग धार काढली. पहिल्या दिवशी दुधाला थोडा वास आला. तिसऱ्या दिवशी जरासा. पाचव्या दिवशी तिनं वाटी नाकाशी नेली, आणि तिला नुसता कोमट, गोडसर, ओळखीचा वास आला. दूध पांढरं शुभ्र होतं. साय पातळ, दही लावलं तर मऊ आणि ढिलं. पण धोंडूनं वाटी पाहिली, मान फिरवली नाही, आणि सगळं दूध प्यायला. संध्याकाळी तो रडला नाही.

पंधराव्या दिवशी मावशी आली. सोबत धोंडूसाठी नवं अंगडं आणि निजवायला दुपटं होतं.

सोनकीनं तिच्यासमोर वाटी भरली. मावशीनं वास घेतला, पुन्हा घेतला. "शेळीचंच ना?"

"टिकलीचंच."

धोंडूनं वाटी रिकामी केली. सगळे वाट बघत बसले. उन्हाचा कवडसा उंबऱ्यावरून अंगणात सरकला, तरी दूध पोटातच राहिलं. मग अंगणात करडानं उडी मारली. ते बघून धोंडू भिंतीला धरून उभा राहिला, भिंत सोडली, आणि एक, दोन, तीन, चार, डुलत डुलत करडाकडे चालत गेला.

मावशीनं पदर डोळ्यांना लावला. "माझ्या घरी पाळणा कधी हलला नाही गं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, याच्या पायांनी माझं अंगण वाजेल."

सोनकी तिच्या कुशीत शिरली. "मग तूच येत जा ना, मावशी. आमचं अंगण वाजतंय की. मला भाकरी गोल करायलाही शिकव."

मावशीनं अंगडं धोंडूला घातलं, आणि परकराला हात पुसत चुलीकडे वळणाऱ्या सोनकीला म्हणाली, "चल. पीठ काढ."

त्या संध्याकाळी नदीकडून पारूकाकूचा थोरला मुलगा गडूभर ताक आणि हळदीच्या लोण्याचा गोळा घेऊन आला. त्यानंतर रोज येत राहिला. जाताना तो वाटीभर टिकलीचं दूध न्यायचा, कारण त्याच्या धाकट्या बहिणीला तेच रुचायचं.

मावशी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सोनकी फणसांच्या राईत गेली. परी एका कवडशात बसली होती.

"एक पाकळी उरलीय," परी म्हणाली. "काय हवं? घर? रेशमी परकर?"

सोनकीनं बराच वेळ विचार केला. "गेलेलं माणूस आणता येत नाही, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी ते मागत नाही. फक्त एक निरोप न्याल का? आईला सांगायचं, की दाढोबा पुन्हा आंब्याखाली बांधलाय. आणि धोंडू चालतो."

परीचे पंख थरथरले. "तिथवर पोहोचतो की नाही, मला ठाऊक नाही, बाळा. पण माझी वाट त्याच बाजूनं जाते. मी सांगीन."

सोनकीनं तिसरी पाकळी खुडली.

पाकळी हवेत तरंगली आणि पेटल्यासारखी उजळली. मग परी उजळली, तिच्याभोवतीचा कवडसा उजळला, एकेक पान, एकेक फणस सोनेरी, निळा, गुलाबी झाला. उजेड वर वर गेला, पानांतून आभाळात शिरला आणि विरून गेला. राईत पुन्हा सावली पडली. मात्र जाईचा वास दरवळत होता.

सोनकी घरी आली. कोनाड्यातल्या रिकाम्या बाटलीत तळाशी तेल होतं. काठोकाठ नाही, बोटभरच. पूर्वी होतं तेवढंच.

तिनं बूच काढलं, तळहातावर थोडं तेल घेतलं, धोंडूला समोर बसवलं आणि त्याच्या केसांना ते हलक्या हातानं चोळलं. मग स्वतःची वेणी घातली. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं, आणि तिसऱ्या दिवशीही.

बाटलीत तेल बोटभरच राहिलं. कधी वाढलं नाही, आणि कधी संपलं नाही.